सहा मीटरवरची कुजबुज

काचेवर कुणीतरी मूठ आपटत होतं. बुरुलला तो आवाज म्हणून कळलाच नाही. केबिनच्या पत्र्यातून सीटमध्ये आणि सीटमधून पाठीत एक हादरा आला, तेव्हा तिनं मान वळवली. काचेपलीकडे टोपीवाला एक म्हातारा तोंडाची उघडझाप करत होता आणि त्याच्यामागे अख्खी ट्रॉलीबस, बसलेले, उभे, सगळेच, मागच्या खिडकीकडे तोंड करून बघत होते. तिनं आरशात पाहिलं. एक ॲम्ब्युलन्स तिच्या गाडीच्या शेपटाला नाक लावून उभी होती. टपावरचा निळा दिवा गरागरा फिरत होता. एप्रिलमधली सकाळची साडेदहाची वेळ, स्वच्छ ऊन, समोर लाल सिग्नल आणि चौक जवळजवळ रिकामा. बुरुलनं गाडी पुढे काढून उजव्या कडेला घेतली. ॲम्ब्युलन्स शेजारून निघून गेली. तिच्या ड्रायव्हरनं जाताजाता बुरुलकडे एकदा पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. रस्त्यात आडवा पडलेला दगड बघावा तसं ते बघणं होतं. पुढच्या थांब्यावर म्हातारा पुढच्या दारानं उतरला, आणि उतरताना तिच्याकडे तोंड करून म्हणाला, "पोरी, डोळा लागला होता का? केव्हाचा बोंबलत होता तो भोंगा." समोरून बोलला म्हणून तिला कळलं. ती म्हणाली, "कंप्रेसर घरघरत होता, आजोबा." म्हाताऱ्यानं मान हलवली आणि तो गेला. कंप्रेसर चालू नव्हता.

ती पाळी तिनं पुरी केली. शहरातल्या ओश बाजारापर्यंत जाणं आणि परत येणं, अशा अजून चार फेऱ्या. कुणी तक्रार केली नाही, डेपोत कुणी काही विचारलं नाही. गाडी उभी करून, वीज घेणारे टपावरचे दोन्ही दांडे तारांवरून खाली ओढून दोर बांधताना तिच्या लक्षात आलं की आपण दिवसभर सेकंद मोजतोय. त्या चौकातला लाल दिवा नव्वद सेकंदांचा. ती थांबली तेव्हा तो नुकताच लागला होता की अर्धा सरला होता? ॲम्ब्युलन्स केव्हा आली? म्हातारा उठून पुढे आला म्हणजे त्याआधी तो थोडा वेळ वाट बघत बसला असणार. म्हाताऱ्या माणसाला उठायला वेळ लागतो. म्हणजे वीस सेकंद. चाळीस. आत कोण होतं? हे तिला कधीच कळणार नव्हतं, आणि कळणार नाही हे स्वच्छ दिसत असूनही डोकं पुन्हा त्या आकड्याशी जाऊन बसत होतं.

ऐकू कमी येतं हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं, पण ते एखाद्या शेजाऱ्यासारखं. आहे, भेटतो, पण त्याच्याकडे जाऊन बसायची वेळ आलेली नाही. किटली शिट्टी घालायची बंद झाली, तेव्हा तिनं नवी किटली आणली. नवीही वाजेना, तेव्हा ती वाफेकडे बघून गॅस बंद करायला लागली. मुलगी मीरिम मॉस्कोत एका दुकानात कामाला. ती रविवारी फोनवर दिसायची. बुरुल "काय? काय म्हणालीस?" करायची आणि मग दोघी मिळून नेटवर्कला शिव्या घालायच्या. त्यात दोघींची सोय होती. घरासमोरच्या पॉपलरमध्ये चिमण्यांचा पहाटे नुसता बाजार भरायचा, तो कुठल्या वर्षी उठला हे तिला सांगता आलं नसतं. चिमण्या तर दिसत होत्या. पुरुषांचे जाड आवाज यायचे, बायकांच्या बोलण्यातले मधले तुकडे यायचे, ट्रॉलीबसची घरघर पावलांतून यायची. सव्वीस वर्षं तीच सीट, तोच मार्ग. दांडा तारेवरून निसटायच्या आधी स्टिअरिंगमध्ये एक मुंगी आल्यासारखं होतं, ते तिला कानवाल्या ड्रायव्हरांच्या आधी कळायचं. त्या जोरावर ती स्वतःला सांगत आली होती की गाडी काही कानांनी चालवत नाहीत.

आणि दर वर्षी मे महिन्यात ती वैद्यकीय तपासणीत पास होत आली होती. दवाखान्याच्या लांब खोलीत जमिनीवर तांबड्या रंगाची रेघ होती. रेघेवर ड्रायव्हरनं उभं राहायचं, एक कान बोटानं दाबायचा, आणि तिथून सहा मीटरवर डॉक्टर इल्या साव्हेलिच मिशीतल्या मिशीत आकडे कुजबुजायचे. ड्रायव्हरनं ते मोठ्यानं परत म्हणायचे. इल्या साव्हेलिच चांगला माणूस, आणि आळशी. उजव्या कानाला सहासष्ट, सत्तेचाळीस, शंभर. डाव्या कानाला शंभर, सत्तेचाळीस, सहासष्ट. वीस वर्षांत त्यांनी आकडा बदलला नाही. डेपोत तो विनोदच झाला होता, कुणाला हाक मारून लक्ष गेलं नाही की मागून कुणीतरी "सहासष्ट!" म्हणायचं आणि सगळे हसायचे. बुरुलही हसायची. कुठल्या मे महिन्यापर्यंत ती ते आकडे ऐकत होती आणि कुठल्या मेपासून नुसती म्हणत होती, यातली सीमा मात्र तिला सापडेना. फसवायचं म्हणून तिनं फसवलं नव्हतं. देवळात किंवा मशिदीत सगळ्यांबरोबर ओठ हलतात, तसं ते झालं होतं. यंदा नाताळानंतर इल्या साव्हेलिच निवृत्त होऊन लेकाकडे निघून गेले, आणि त्यांच्या जागी कुणी नवी मुलगी आली होती.

या सगळ्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती, आणि ॲम्ब्युलन्सच्या त्या दिवसापासून ती वर यायला लागली. भाऊ. तोलोगोन तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. चार वर्षांचा असताना तापात त्याचे दोन्ही कान गेले, पूर्ण. वडिलांकडे एक मॉस्कविच गाडी होती. तिचं इंजिन बिघडलं की वडील शिव्या द्यायचे आणि तोलोगोन लांब पान्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं टोक दातांत धरून डोळे मिटायचा. मग बोट ठेवायचा: हे. बहुतेक वेळा तेच असायचं. गावच्या कच्च्या रस्त्यावर तो वडिलांपेक्षा सफाईनं गाडी चालवायचा, आणि एका अख्ख्या उन्हाळ्यात बुरुल त्याच्या शेजारी बसून फिरली होती, खिडकीतून पाय बाहेर काढून. वीस वर्षांचा झाल्यावर तो लायसन्सच्या कमिटीपुढे गेला. सतराची बुरुल त्याची दुभाषी म्हणून बरोबर होती. तोलोगोननं वडिलांचा सूट घातला होता, बाह्या मनगटाच्या वर राहत होत्या. टेबलामागे तिघे होते. बहिऱ्या माणसाला स्वतःची गाडी चालवायला नियमात वाट होती, पण ती टेबलामागच्यांच्या मर्जीतून जात होती. मधल्या डॉक्टरचा एक दात सोन्याचा. त्यानं दोनचार प्रश्न विचारले, बुरुलनं ते हातांनी भावाला सांगितले, त्याची उत्तरं तोंडानं टेबलाला सांगितली. मग डॉक्टर म्हणाला, "हे त्याला सांगू नकोस. तूच सांग. बहीण आहेस ना? हा चालवत असलेल्या गाडीत तू बसशील? उद्या तुझं मूल बसवशील?"

बुरुल म्हणाली, "नाही."

का म्हणाली, याची तिनं चौतीस वर्षांत वेगवेगळी उत्तरं काढली होती. तिघे मोठे लोक आपल्याकडे बघत होते म्हणून. 'हो' म्हटलं असतं तर पुढं जे काही होईल ते आपल्या माथी आलं असतं म्हणून. हे दोन्ही खरं होतं. पण त्या दिवशी सकाळी चहा पिताना वडील म्हणाले होते, "याला नाही मिळालं तर तुला शिकवतो," हेही खरं होतं, आणि खोलीत 'नाही' म्हणताना ते वाक्य तिच्या डोक्यात होतं की नव्हतं हे ती ठरवू शकत नव्हती. बाहेर आल्यावर तिनं भावाला हातांनी सांगितलं: नियमात बसत नाही. तोलोगोननं सूटचा कोट काढून खांद्यावर टाकला. दोघं चालत बसथांब्यावर गेली. महिन्याभरात वडिलांनी तिला मॉस्कविचच्या स्टिअरिंगमागे बसवलं.

मे उजाडला. बुरुल ठरलेल्या दिवशी दवाखान्यात गेली. डॉक्टर बेगिमाय खरंच मुलगी होती, मीरिमच्या वयाची, तोंडावर निळा मास्क. जमिनीवरची तांबडी रेघ तशीच होती, नव्यानं रंगवलेली. "एजे, उजवा कान माझ्याकडे. डाव्यात बोट घाला. भिंतीकडे बघा," हे तिनं, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं 'एजे' म्हणत, जवळ येऊन, हातवारे करत सांगितलं, म्हणून समजलं. भिंतीवर दात कसे घासावेत याचं चित्र होतं. बुरुल उभी राहिली. चित्रातल्या मुलाचा ब्रश वरून खाली चालला होता. गाडीचे दांडे तारेवरून सुटले की सगळं यंत्र जसं एकदम मुकं होतं तसं झालं. तिनं श्वास धरला. आता बोलली असेल. आता नक्की बोलली असेल. इतका वेळ कुणी गप्प राहत नाही. "सहासष्ट," बुरुल म्हणाली. काहीच झालं नाही. तेव्हा तिनं पुढचा आकडाही देऊन टाकला. "सत्तेचाळीस."

खांद्यावर हात पडला. बेगिमाय तिच्या समोर आली होती. तिनं मास्क हनुवटीखाली ओढला होता आणि तिचे ओठ सावकाश हलत होते. "एजे, मी अजून काही बोललेच नाही. मी खिडकी लावत होते."

मग लाकडी खोक्यासारख्या खोलीत, कानांवर यंत्र लावून, आवाज आला की बटण दाबायची तपासणी झाली. बुरुलनं बटण थोडेच वेळा दाबलं. कागदावर दोन रेघा निघाल्या, डोंगरउतारावरून माणूस घसरत जावा तशा. बेगिमाय कागद बराच वेळ बघत होती. "हे चारपाच वर्षांचं तरी आहे," ती म्हणाली. "कुणी तपासलं नाही का तुम्हाला?"

"दर वर्षी तपासलं."

मुलीनं पेन खाली ठेवलं. "प्रवाशांची गाडी आता नाही. मला सही करता येणार नाही, एजे."

"नकोच करूस," बुरुल म्हणाली, आणि आपलंच बोलणं ऐकून चकित झाली. पाठीवर इतके दिवस काहीतरी होतं आणि ते कुणीतरी उचलून खाली ठेवलं, असं तिला वाटलं. त्या हलकेपणाची तिला लाज वाटली. बेगिमाय पुढे सांगत होती की स्वतःची छोटी गाडी चालवता येईल, तसा शेरा मारून देते, फक्त काचेवर पुढे आणि मागे खूण लावावी लागेल: पिवळं वर्तुळ, त्यात तीन काळे ठिपके. कानाचं यंत्रही लिहून देते. "माझ्याकडे गाडीच नाही," बुरुल म्हणाली. "तरी शेरा घ्या," मुलगी म्हणाली. "असू द्यावा."

बाहेर फुटपाथवर एक बाई धान्य आंबवून केलेल्या मक्सिमचं पिंप घेऊन बसली होती. बुरुलनं एक ग्लास मागितला. बाईनं काहीतरी विचारलं, बुरुल "हो" म्हणाली, आणि हातात मोठा ग्लास आला. गेली काही वर्षं आपण प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणतोय आणि जे हातात येईल ते पितोय, असं तिच्या मनात आलं. आंबट, गार मक्सिम तिनं शेवटपर्यंत प्यायलं. डेपोत जाऊन तिनं कागद दिला. मुकादम सागिन यानं तो वाचला, आणि त्या क्षणापासून तो ओरडून बोलायला लागला. "बुरुल-एजे! काळजी करू नका! स्टोअरमध्ये जागा आहे!" त्याचं तोंड एवढं वाकडं होत होतं की तिला एक शब्द नीट वाचता येईना. काल याच माणसाशी ती साध्या आवाजात बोलली होती. "सागिन, हळू बोल," ती म्हणाली. "हळू बोललास की मला दिसतं."

त्याच दुपारी ती तोलोगोनकडे गेली. शहराच्या उत्तरेला नव्या वस्तीत एका जुन्या लोखंडी कंटेनरमध्ये त्याचं दुकान होतं. आसपासच्या शिवणकारखान्यांच्या मशिनी तो दुरुस्त करायचा. आई गेल्यापासून दोघांची भेट सणावारी, बाकी फोनवर चार शब्द लिहून. तो मशिनीत डोकं घालून बसला होता. दारातला उजेड अडला तेव्हा त्यानं वर पाहिलं आणि गालाला चिमटा काढल्याची खूण केली. त्याच्या हातांच्या भाषेत बुरुलचं ते नाव होतं. लहानपणी तिचे गाल होतेच तसे. तिनं स्टूल ओढलं. दुकानातला पोऱ्या त्या दिवशी नव्हता, म्हणून चहा तोलोगोनच करत होता. पाठमोरा असताना त्यानं एकदम हातातलं झाकण पत्र्यावर टाकलं. बुरुल त्याच्या खांद्यापलीकडच्या खिडकीतून तशीच बाहेर बघत राहिली. तो वळला, तिच्याकडे पाहिलं, झाकण उचललं.

"किती वर्षं झाली?" त्यानं हातांनी विचारलं.

"काय?"

"गेल्या नवरोजला जेवताना तू सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होतीस. तसं आमच्यात बघतात. कानवाले ताटाकडे बघतात."

तिचे हात गंजले होते. अर्ध्या खुणा आठवेनात, कुठे कुठे ती अक्षरं जुळवत गेली. ॲम्ब्युलन्स, म्हातारा, दवाखाना, खिडकी. खिडकीच्या जागी आल्यावर तोलोगोनचे खांदे हलायला लागले. तो हसला की घशातून एक खडबडीत आवाज निघायचा. तो बुरुलला आला नाही, नुसता दिसला. "म्हणजे तू तिच्या आधी उत्तर दिलंस," तो म्हणाला. "हुशार. ये आमच्यात. इथं चहा बरा मिळतो आणि कुणी कुणाचं बोलणं तोडत नाही." त्यानं वाटीभर बोरसोक पुढे ठेवले, कणकेचे तळलेले तुकडे, कालचे. तिनं एक घेतला आणि तो हातातच राहिला.

"बाइके," तिनं तोंडानं हाक मारली, कारण मोठ्या भावाला मारायची ती हाक हातांच्या भाषेत तिला नीट येत नव्हती. आणि मग हातांनी सांगायला लागली. कमिटी. सोन्याचा दात. त्यानं मला विचारलं, तुला नाही सांगितलं. मी...

"मी तुझ्या तोंडाकडेच बघत होतो," तोलोगोननं मध्येच सांगितलं. तोडत नाही म्हणाला होता, पण तोडलं. "दुसरीकडे कुठं बघणार? 'नाही' हा शब्द मला कुठल्याही बाजूनं वाचता येतो. लहानपणापासून तोच सगळ्यात जास्त दिसलाय."

बुरुलचे हात मांडीवर आले. चौतीस वर्षं तिनं जी वस्तू कपाटात लपवली होती, ती त्याच्या घरात उघड्यावर पडलेली होती. "मग बोलला का नाहीस?" तिनं विचारलं.

"कुणाशी? तू तेव्हा माझ्या हातांकडे बघायची बंद झाली होतीस." त्यानं चहा ओतला. "पंधरा वर्षं राग होता. तुझी ट्रॉलीबस आली की मी मागच्या बसची वाट बघायचो." तिला ते आठवलं. थांब्यावर उभा तोलोगोन, हात वर करून हसायचा आणि चढायचा नाही. तिला वाटायचं, याला घाई नाही. "मग कंटाळा आला. रागाला रोज पाणी घालावं लागतं, माझी कामं पडली होती. बाबांचा राग मात्र अजून आहे. तू पोर होतीस. ते नव्हते."

ती रडली नाही. बोरसोक खाल्ला, तो शिळा होता, चहात बुडवून खाल्ला. त्यानं 'जाऊ दे' म्हटलं नव्हतं. तिनंही माफी हा शब्द काढला नव्हता. त्याची खूण तिला येत होती, पण आता ती करणं म्हणजे पंधरा वर्षं एका हातवाऱ्यात गुंडाळून टाकणं झालं असतं. चहा संपल्यावर तो उठला आणि तिला कंटेनरच्या मागे घेऊन गेला. ताडपत्रीखाली एक निळी होंडा उभी होती, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची. एका बहिऱ्या शिंप्यानं भंगारात काढलेली. तोलोगोननं दोन वर्षं रविवार खर्ची घालून उभी केलेली. त्यानं इंजिन चालू केलं, बॉनेटवर तळवा ठेवला, तिचाही ओढून ठेवला. आत मांजर निजलं असावं तसं काहीतरी संथ थरथरत होतं. "वस्तीत आमच्यातल्या चौघांना मिळालंय लायसन्स," तो म्हणाला. "आता देतात. मीच गेलो नाही."

"का?"

त्यानं खांदे उडवले. "एकदा विचारलं होतं."

मग तो म्हणाला, "तुला शेरा मिळालाय ना? मग गाडी रस्त्यावर काढ. आणि मला शिकव. गावात चालवणं वेगळं होतं, तिथं आडव्या फक्त गाई यायच्या."

तो उन्हाळा त्यात गेला. सकाळी ती डेपोच्या स्टोअरमध्ये तारांचे क्लिप आणि कार्बनच्या पट्ट्या वाटायची, आणि संध्याकाळी उजेड असेपर्यंत वस्तीपलीकडच्या माळावर दोघं. तिनं काचेवर पिवळं वर्तुळ चिकटवलं तो दिवस तिला जड गेला. पहिल्या आठवड्यात सिग्नलला शेजारची गाडी थांबली की ती वर्तुळाच्या जागी काच पुसल्यासारखं करायची. एका टॅक्सीवाल्यानं ठिपक्यांकडे बोट दाखवून बरोबरच्याला काही सांगितलं, दोघं हसले. दुसऱ्या एकानं भरपूर जागा देऊन वाट करून दिली, आणि तिला तो पहिल्यापेक्षा जास्त लागला. हळूहळू हात काचेकडे जाईनासा झाला. आरसा बघायला तिला तोलोगोननंच शिकवलं, ज्याच्याकडे लायसन्स नव्हतं त्यानं. पाच श्वास, की आरसा. चौक आला, की तिन्ही आरसे. सव्वीस वर्षं चालवूनही ती आरसा कानांच्या भरवशावर अधूनमधून बघत आली होती. कानांचं यंत्र आलं. त्यातून पहिल्यांदा स्वतःच्या पावलांचा आवाज आला आणि ती जिन्यात मागे वळून बघत राहिली, कोण येतंय म्हणून.

शिकवणं सोपं नव्हतं. चालवणाऱ्याचे हात स्टिअरिंगवर आणि डोळे रस्त्यावर. त्याच्याशी बोलायचं कसं? त्यांनी खांद्यावरच्या थापा ठरवल्या. एक थाप डावीकडे, दोन उजवीकडे, खांदा दाबला की ब्रेक. तोलोगोन चढावर छान, वळणावर छान, गियर तर असे टाकायचा की गाडीला कळू नये. फक्त उलटं मागे घेऊन दोन खांबांच्या मध्ये गाडी लावणं त्याला जमेना. माळावर तिनं दोन काठ्या रोवल्या होत्या. तो डावी पाडायचा. उतरून काठी पुन्हा रोवायचा आणि काठीशीच भांडायचा. "गावात कुणी गाडी लावायला जागा मागितली नाही," तो म्हणायचा. बुरुल खांदा दाबायची, तो ब्रेक मारायचा, दोघं मागे वळून काठी बघायची. पडलेली असायची. त्या उन्हाळ्यात ती जेवढी हसली तेवढी आधीच्या दहा वर्षांत हसली नसेल, आणि हसताना मधूनच तिच्या मनात हिशेब यायचा की हे सगळं चोपन्नाव्या वर्षी चाललंय. विसाव्या वर्षी हाच माणूस काठीशी असाच भांडला असता आणि दुसऱ्या दिवशी त्याला ते जमलं असतं. तेव्हा हात चटकन शिकतात. तो हिशेब मिटणारा नव्हता. ती तो मनात ठेवून पुढची काठी रोवायची.

ऑगस्टमध्ये तोलोगोन बेगिमायकडे गेला. बुरुल दारापर्यंत गेली आणि बाहेरच्या बाकावर बसली. त्यानंच तसं सांगितलं होतं. दार उघडं होतं. मुलीनं एक वही त्याच्यापुढे सरकवली, प्रश्न लिहिला, त्यानं उत्तर लिहिलं. वही तीनचार वेळा इकडून तिकडे गेली. एकदा दोघंही हसली. काय ते बुरुलला कळलं नाही, तिनं विचारलंही नाही. मग नियमांची परीक्षा झाली, कॉम्प्युटरवर. त्यात तो वीसपैकी वीस घेऊन आला आणि तो कागद त्यानं दुकानात मशिनीच्या वर लावला.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चालवण्याची परीक्षा. शहराबाहेर आखलेलं मैदान, भोवती जाळीचं कुंपण, कुंपणाबाहेर नातेवाइकांची गर्दी. परीक्षक मोठ्या पोटाचा, घामानं चिंब झालेला माणूस. त्याच्याकडे बहिऱ्या लोकांसाठी पुठ्ठ्याचे तुकडे होते, बाण काढलेले. तोलोगोननं नवा शर्ट घातला होता. गाडीत बसण्याआधी त्यानं बॉनेटला हात लावला. बुरुल जाळीला बोटं अडकवून उभी होती. तिच्या शेजारची बाई आपल्या मुलीसाठी पुटपुटत होती, तिचं पुटपुटणं यंत्रातून बुरुलच्या कानात सरसरत येत होतं आणि बुरुलला वाटलं आपणच पुटपुटतोय. गाडी निघाली. चढावर थांबली, मागे न घसरता पुढे गेली. नागमोडी वळणं झाली. बुरुलच्या हातांनी हवेतच एक थाप दिली, दोन थापा दिल्या, आणि खांद्याच्या जागी जाळी दाबली. मग गाडी उलटी यायला लागली, दोन खांबांच्या मधल्या चौकोनात, हळू, फार हळू. मागचं चाक आत आलं. डावा खांब हलला, जरा विचार केल्यासारखा थांबला आणि पडला.

तोलोगोन उतरला. परीक्षक उतरला. परीक्षकानं कागदावर काही लिहून तो त्याच्या हातात दिला. तोलोगोननं तो वाचला आणि कुंपणाकडे चालत आला, आणि बुरुलनं चेहरा तयार करायला घेतला, धीर देणारा. पण तो जवळ आला तेव्हा त्याचा चेहरा तिला नीट वाचता येईना. जाळीतून त्यानं कागद तिच्यापुढे धरला. छापील रकान्यांत एकाच ठिकाणी फुली होती: गाडी लावताना खांबाला धक्का. पंधरा दिवसांनी पुन्हा यावे. कानांचा रकाना रिकामा होता. तिथं कुणी काही लिहिलं नव्हतं.

"खांब पाडला म्हणून," तोलोगोन एका हातानं म्हणाला. दुसऱ्यात कागद होता. "फक्त खांब पाडला म्हणून." मग कागद खिशात घालून त्यानं दोन्ही हात मोकळे केले. "पण खांब वाकडा रोवलाय. जाऊन सांग त्याला. मोजून बघ म्हणावं, डावा वाकडा आहे."

बुरुल फाटकातून आत गेली आणि परीक्षकाला म्हणाली, "माझा भाऊ म्हणतोय, खांब वाकडा होता."

परीक्षक पुढच्या उमेदवाराचा कागद शोधत होता. त्यानं कपाळावरचा घाम पुसला आणि वर न बघताच काही म्हणाला. ती वाकून त्याच्या तोंडासमोर आली. "पुन्हा सांगा. माझ्याकडे बघून."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. "सगळे हेच म्हणतात, एजे. सकाळपासून हा सातवा."

बुरुल वळली. तोलोगोन जाळीपाशी वाट बघत उभा होता, हातांकडे डोळे लावून. ती तिथूनच, मैदानाच्या मधोमध उभी राहून, त्याला दुरून दिसावं म्हणून हात उंच करून, सावकाश, एकेक शब्द मोकळा करत सांगायला लागली: सगळे. हेच. म्हणतात.